बेडीचे दुसरे टोक

माझ्या यजमानांना पोलिसांनी नेले तो सोमवार होता. ते दारूच्या दुकानासमोर उभे होते. दुकानात जाणाऱ्यांना ते परत जायला सांगत होते. दुपारी त्यांना नेले. मी शाळेत होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा शेजारणीने मला सांगितले.

आम्ही नाशिकच्या बाहेर, त्र्यंबकच्या रस्त्याला लागून असलेल्या ख्रिस्ती वस्तीत राहत होतो. मी मुलींच्या शाळेत शिकवीत असे आणि ते उपदेशक होऊ पाहणाऱ्या तरुणांना बायबल व थोडी ग्रीक भाषा शिकवीत. मूलबाळ नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या पाटीवर मला ग्रीक अक्षरे काढून दाखवली आणि पुढे आमचा संसार बराचसा त्या पाटीच्या आधारानेच चालला. भांडण झाले तर ते एखादा कठीण शब्द लिहून पाटी माझ्याकडे सरकवीत आणि मला अर्थ सांगता आला की भांडण मिटले असे समजत. अशा माणसाला चळवळीत कोणी ओढले असेल असे कोणाला वाटेल? पण कोणी ओढले नाही. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दारूविरुद्ध उपदेश होत नाही असे वर्ष गेले नव्हते. त्यांनी स्वतः तो कितीदा केला होता. शहरातली खादीच्या टोप्यांची मुले दुकानापुढे उभी राहू लागली, तेव्हा ते मला एवढेच म्हणाले, "उपदेश देवळात आणि दुकान रस्त्यावर. दोघांची गाठ पडणार कशी?" आणि डोक्याला नेहमीचा रुमाल बांधून ते तिकडे गेले.

त्यांना काही महिन्यांची सक्तमजुरी झाली. वस्तीत कोणी मला वाईट बोलले नाही. बोलणेच बंद झाले. विहिरीवर मी गेले की बायकांना घरची कामे आठवत. एकीने मात्र धीर करून विचारले, "मास्तरांना ही अवदसा कुठून आठवली हो? दुकान परवान्याचं, परवाना सरकारचा. आपण कोण मधे पडणारे?" मी म्हटले, "गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी दारूवर उपदेश केला तेव्हा तुम्ही डोळे पुसत होता." ती म्हणाली, "ते देवळात हो!" मला वाटते, आमच्या सगळ्या मंडळीचे मत त्या एका वाक्यात आले होते.

तुरुंगात त्यांना थंडी वाजून ताप येऊ लागला. मग डाव्या फुप्फुसाला सूज आली, बरगडीत पाणी झाले, आणि त्यांना शहरातल्या दवाखान्यात आणून टाकले. टाकले हाच शब्द बरोबर आहे. ते कळले तेव्हा मी पहिल्यांदा पाळकसाहेबांकडे गेले. आमच्या मंडळीत एक रीत आहे. रविवारी उपासनेत आजाऱ्यांची नावे वाचली जातात, आणि ज्याचे नाव वाचले त्याच्याकडे त्या आठवड्यात घरटी कोणी ना कोणी जाते. कोणी पेज नेते, कोणी नुसते जाऊन बसते, मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, प्रार्थना करतात. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, पण तिच्यामुळे आमच्या वस्तीत कोणीही एकट्याने आजारी पडत नसे. साधा खोकला झालेल्या म्हातारीचे नावही मी वाचलेले ऐकले आहे.

पाळकसाहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, मी घरी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. पण नाव वाचणं म्हणजे... तुम्ही समजून घ्या. ते कैदी आहेत."

"आजारीही आहेत," मी म्हणाले.

"आहेत ना. पण मंडळीनं बेडीतल्या माणसाच्या खाटेभोवती जाऊन बसायचं, आणि तिथे पोलीस कोण कोण आलं ते पाहणार. आपल्या शाळा आहेत, अनुदान आहे. आपण कुणाचं मीठ खातो याचा विचार नको करायला?"

मी चहा तसाच ठेवून उठले. त्या रविवारी नावे वाचली तेव्हा मी मान खाली घालून ऐकत होते. चार नावे झाली, मग सर्वांनी आमेन म्हटले. मी म्हटले नाही.

दवाखान्यात वॉर्डाच्या टोकाला, खिडकीजवळ त्यांची खाट होती. बाहेरून तांबट आळीतली ठोकाठोक दिवसभर ऐकू येई. खाटेशेजारी स्टुलावर एक शिपाई बसलेला होता, काळासावळा, पन्नाशीकडे झुकलेला, दाढी मेंदीने लाल केलेला. यजमानांच्या उजव्या मनगटात बेडीचे एक कडे होते. कड्यापासून हातभर साखळी निघून दुसरे कडे उशाकडच्या लोखंडी गजाला अडकवलेले होते. त्यामुळे त्यांना उताणेच पडून राहावे लागे. डाव्या बरगडीत पाणी; डाव्या कुशीवर वळता आले किंवा पुढे वाकून बसता आले तर श्वास जरा सुटे. पण हात उजवीकडे गजाला बांधलेला. ते माशासारखे तोंड उघडून हवा घेत होते. मी बेडीकडे पाहते आहे हे त्यांनी पाहिले आणि तशा स्थितीतही शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "अगं, हालुसिस म्हणतात ती ही नव्हे."

ग्रीक न येणाऱ्या वाचकांसाठी हे सांगायला हवे. बायबलच्या नव्या करारात बंधन, कैद या अर्थाचे ग्रीक शब्द एकाहून अधिक आहेत. एक शब्द मोघम आहे. दोरी असो, खोडा असो, तुरुंगवास असो, सगळ्याला तो चालतो. पण येशूचा प्रेषित पौल याने रोममध्ये कैदेत असताना आपल्या बेडीचा उल्लेख केला आहे तिथे दुसरा शब्द येतो, हालुसिस. साखळी, मनगटातली साखळी. रोमी लोकांची पद्धत अशी होती की कैद्याच्या मनगटातल्या साखळीचे दुसरे टोक पहाऱ्यावरच्या शिपायाच्या मनगटात घालायचे. यजमान वर्गात फळ्यावर दोन हात काढीत आणि मधे साखळी. मग विचारीत, "यात कैदी कोण ते ओळखा." मुले हसत. मीही तो धडा पाटीवर शिकले होते. पौल बोलून पत्रे लिहवून घेत असे तेव्हा तो परका शिपाई तिथेच बसलेला असे, त्याला प्रत्येक शब्द ऐकावा लागे, पौल झोपला की त्यालाही हात आवरून बसावे लागे. मला ही माहिती गमतीची वाटे, यापलीकडे काही नाही.

"हिचं दुसरं टोक लोखंडाला आहे," ते धापा टाकीत म्हणाले. "पौलाच्या बेडीचं माणसाला होतं."

त्यांच्या बरे होण्याची आशा डॉक्टरांनी मला ठेवू दिली नाही. मग माझे मागणे फार थोडे राहिले. त्यांना कुशीवर वळता यावे, आणि शेवटच्या दिवसांत आपल्या माणसांपैकी कोणी तरी येऊन त्यांच्याजवळ बसावे. माझ्याशिवाय दुसरे कोणी तरी. ज्यांना त्यांनी वाचायला शिकवले, ज्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला ते उभे राहिले, त्यांच्यापैकी एक जण. रोज टांग्यातून जाताना मी हेच मागत असे. पौल एका पत्रात अनेसिफर नावाच्या माणसाचे आभार मानतो. त्याला पौलाच्या बेडीची लाज वाटली नाही, आणि रोमसारख्या शहरात शोधीत शोधीत तो त्याच्यापर्यंत पोचला. रोम केवढे मोठे. आमच्या वस्तीपासून दवाखाना टांग्याने अर्ध्या तासाचा होता, आणि शोधायचे काहीच नव्हते.

शिपायाचे नाव इस्माईल. मूळचे मालेगावचे, घरी हातमाग होता, त्यावर भागेना म्हणून पोलिसात आलेले. किल्ली त्यांच्याच कमरेला होती हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटले, "हा माणूस पळून कुठे जाणार आहे? उठून उभं राहता येत नाही त्याला. काढा ती बेडी."

त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितले, "बाई, तेवढं मागू नका. मी काढली तर उद्या ती माझ्या हातात पडंल. घरी सात तोंडं हायेत."

"तुम्हाला दया नाही?"

"दया हाय. किल्ली सरकारची हाय."

मला त्यांचा इतका तिटकारा आला की त्यांनी उठून दिलेल्या स्टुलावरही मी बसले नाही. उभी राहिले. मला त्या दिवशी ते आणि पाळकसाहेब एकाच साच्यातले वाटले. दोघांनाही दया होती. दोघांच्या दयेची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती.

पुढचा रविवारही तसाच गेला. नावे वाचली, त्यांत हे नव्हते. उपासना संपल्यावर एका वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "कसे आहेत?" मी म्हटले, "जाऊन पाहा." ते म्हणाले, "देवाची मर्जी," आणि छत्री उघडून गेले. त्या दुपारी टांग्यात बसले तेव्हा मी प्रार्थना केली नाही. विसरले नव्हते, ठरवून केली नाही. मी देवाला म्हटले, तुला मी किती दिवस एकच गोष्ट सांगते आहे, तुला ती ऐकू आलेली आहे, आता पुन्हा सांगणार नाही. हे रागाने म्हटले होते. त्याला शरणागती म्हणता येणार नाही. पण आता मागे वळून पाहते तेव्हा वाटते, माझ्या हातातून मागणे सुटले ते त्या टांग्यात, आणि कदाचित देवाला तेवढेही पुरत असावे.

वॉर्डात शिरले तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला नाही. पाठ दिसली. ते डाव्या कुशीवर वळलेले होते. मला वाटले, संपले. मग ती पाठ हलताना दिसली, सावकाश, लयीत, कित्येक दिवसांत हलली नव्हती तशी. मी खाटेला वळसा घालून पलीकडे गेले. स्टूल आता खिडकीच्या बाजूला आले होते. त्यावर इस्माईल बसले होते. साखळी यजमानांच्या मनगटातून निघून खाटेच्या कडेवरून खाली येत होती, आणि दुसरे कडे इस्माईलांच्या डाव्या मनगटात होते.

मी काही बोलण्याआधीच ते चिडल्यासारखे म्हणाले, "हुकूम काय हाय? कैदी बेडीत पायजे. हाय ना बेडीत? जमादारसाहेबांना सांगितलं मी, दवाखान्याची खाट खिळखिळी हाय, गज निघंल. माझा हात काय निघत नाय."

यजमानांनी डोळे उघडले. मला पाहिले, मग साखळीकडे पाहिले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होते.

"आता झाली," ते म्हणाले.

मी खाली जमिनीवर बसले आणि रडले. इस्माईलांना वाटले, मी रागावले आहे. "बाई, याच्यापेक्षा जास्त नाय जमत," ते म्हणाले.

त्यानंतर ते दोघे तसेच राहिले. दुसऱ्या शिपायाची पाळी आली की बेडी पुन्हा गजाला जाई आणि ते तास माझ्या यजमानांना फार जड जात. इस्माईल आले की ते साऱ्या वॉर्डादेखत किल्ली काढून कडे स्वतःच्या मनगटात घालीत. त्यांनी ते फार गोड मानून केले असे मी लिहिणार नाही. ते कुरकुर करीत. "मास्तर, तुमच्यापायी मला बिडी ओढायला व्हरांड्यात जाता येईना." यजमान म्हणत, "सुटली तर तुमचंच भलं." "तुमच्या देवळात बिडीला बंदी हाय का?" "देवळात आहे. रस्त्यावर नाही." यावर दोघेही हसले, आणि हसण्याने यजमानांना ढास लागली तेव्हा इस्माईलांनी त्यांना साखळीसकट उचलून बसते केले.

दुपार कलली की ते नमाज पढत. मी तांब्यातून पाणी घाले, ते एका हाताने दुसरा हात धूत. मग पंचा जमिनीवर पसरून खाटेला लागूनच उभे राहत. पहिल्या दिवशी ते वाकले तेव्हा साखळी ताणली गेली, आणि त्यांचे कपाळ जमिनीपर्यंत पोचेना. ते तसेच अडकून थांबले. मग यजमानांनी, ज्यांना पाण्याचा पेला उचलवत नव्हता, आपला उजवा हात खाटेच्या कडेवरून खाली सोडला, खांद्यापासून पार खाली, बोटे जमिनीला टेकेपर्यंत. साखळी सैल झाली. त्यानंतर रोज तसेच चाले. एक वाके तेव्हा दुसरा हात सोडी. त्या वेळी मी खिडकीबाहेर पाहत असे, कारण ते पाहण्याचा मला अधिकार आहे असे वाटत नसे.

एकदा यजमानांनी त्यांना पौलाची गोष्ट सांगितली, रोमची, साखळीची. इस्माईलांनी नीट ऐकून घेतली आणि विचारले, "मग त्या शिपायाचं नाव काय?"

"लिहिलेलं नाही."

"आसंच असतंय," इस्माईल म्हणाले. "शिपायाचं नाव कोण लिहितो?"

म्हणून मी इथे त्यांचे नाव लिहिले आहे, माझे किंवा यजमानांचे लिहिलेले नाही.

यजमान गेले त्या दुपारी मी त्यांना स्तोत्र वाचून दाखवीत होते. इस्माईल शेजारी होते, साखळी दोघांमध्ये होती. मी वाचत असताना इस्माईलांनी हळूच म्हटले, "बाई, थांबा जरा." मी थांबले. त्यांनी आपला हात किंचित वर उचलून पाहिला, मग खाली ठेवला. "साखळी जड झाली," ते म्हणाले. मी, त्यांची बायको, त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले होते आणि मला कळले नव्हते. इस्माईलांना मनगटातून कळले.

डॉक्टरांनी येऊन सांगेपर्यंत बेडी काढायची नाही असा नियम होता. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात होते. इस्माईलांनी किल्ली काढली नाही, आणि कडे गजालाही घातले नाही. मेलेल्या माणसाला जोडलेले ते तसेच ताठ बसून राहिले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत राहिले. नियम मोडला नाही म्हणून मला तेव्हाही त्यांचा राग आला होता, आणि ते उठले नाहीत म्हणून तो राग मला धरून ठेवता आला नाही.

मातीला सारी वस्ती आली. वडील मंडळी आली, विहिरीवरच्या बायका आल्या, फुले आली. पाळकसाहेबांनी माझे हात धरून म्हटले, "आता काही अडचण राहिली नाही." पुढच्या रविवारी प्रभूमध्ये निजलेल्यांच्या नावांत त्यांचे नाव पहिले वाचले. मेलेल्या माणसाचे नाव वाचायला सरकारची हरकत नसते. कबरस्तानात सर्वांनी मूठमाती दिली, तेव्हा मला फाटकाबाहेर इस्माईल दिसले. अंगात साधा सदरा होता, डोक्याला गोल टोपी. मी त्यांना आत बोलावले. ते कबरीजवळ आले आणि सवयीने पाळकसाहेबांना सलाम म्हणाले. आमच्यातही सलामच म्हणतात, त्यामुळे साहेबांनी सलाम परत दिला. मग एका वडिलांनी मला विचारले, "हे कोण?"

"आपल्या माणसांपैकी," मी म्हणाले.

ते शब्द माझ्या तोंडून गेले तेव्हा मला कळले की हेच मी रोज टांग्यात मागत होते, आणि पहिल्या दिवसापासून ते खाटेशेजारी स्टुलावर बसलेले होते. मी दाराकडे पाहत होते, वस्तीकडून कोण येते आहे ते. त्या स्टुलाकडे मी पाहिले ते फक्त तिटकाऱ्याने. देवाने उत्तर दिले नाही असे मी म्हणू शकत नाही. त्याने बेडी काढली नाही हेही मी विसरू शकत नाही. त्याने एवढेच केले की दुसरे टोक लोखंडापासून सोडवून माणसाला बांधले. यापेक्षा जास्त का केले नाही, हे मी त्याला विचारले आहे. आपण मागावे एक आणि त्याने द्यावे दुसरे, आणि जे दिले ते नाकारता येऊ नये, याला शरण जाणे म्हणत असतील तर मी शरण गेले आहे. आनंदाने गेले असे नाही. उपकार मात्र मानते. त्यांना कुशीवर वळून श्वास घेता आला, आणि ते एकटे गेले नाहीत. एवढ्यासाठी मी रोज गुडघे टेकते आणि त्यात खोटे काही नसते.

इस्माईलांची पुढे बदली झाली, सटाण्याकडे, असे ऐकले. मी अजून शाळेत शिकवते. रविवारी देवळात मागच्या बाकावर बसते आणि आजाऱ्यांची नावे वाचली की त्या त्या घरी जाऊन येते, कारण आजारी माणसाचा त्यात दोष नाही. पाळकसाहेबांशी बोलते. मंडळीला मी क्षमा केलेली नाही. तसे देवाला रोज सांगते.